होळकर संस्थानची रेल्वे आणि धार-देवासचा प्रश्न

प्रास्ताविक

१० मे १८६९ रोजी अमेरिकेत युटामधील प्रोमॉन्टरी येथे पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले दोन लोहमार्ग एकमेकांस जोडले गेले. त्यानंतर दहा महिन्यांच्या आत, ७ मार्च १८७० रोजी, भारतात जबलपूर येथे मुंबईकडून येणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि कलकत्त्याकडून येणारी ईस्ट इंडियन रेल्वे यांचा संयोग झाला. आपल्या पाठ्यपुस्तकांत १६ एप्रिल १८५३ ची मुंबई-ठाणे गाडी हमखास असते. जबलपूरचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. वास्तविक दोन किनारे जोडणारी आपली खंडव्यापी रेल्वे ती हीच.

या मुख्य मार्गावर खंडवा हे स्थानक होते. तेथून उत्तरेस माळव्यात रेल्वे कशी गेली, कोणाच्या पैशाने गेली आणि मराठी पवार घराण्यांच्या राजधान्या असलेली धार व देवास ही शहरे तिच्या मार्गाबाहेर का राहिली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पैसा कोणाचा?

रेल्वे इंग्रजांनी 'दिली' हे वाक्य विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत वारंवार येते. आरंभीच्या खासगी कंपन्यांचे भांडवल मुख्यतः इंग्लंडमधून आले हे खरे. परंतु त्यावर साधारणपणे पाच टक्के परताव्याची हमी सरकारने दिली होती. उत्पन्न कमी पडल्यास फरक भारताच्या महसुलातून, म्हणजे येथील रयतेच्या करातून भरला जाई. मजूरही येथलेच. एकट्या भोर घाटाच्या कामावर ऐन भरात चाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती आणि पटकीच्या साथींनी त्यांतील असंख्य दगावली.

माळव्यात तर भांडवलही येथलेच होते. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी १८७० साली एक कोटी रुपये हिंदुस्थान सरकारला साडेचार टक्के व्याजाने कर्जाऊ दिले. मुदत होती १०१ वर्षांची! म्हणजे हा करार १९७१ साली संपावयाचा. प्रत्यक्षात १९४८ मध्ये संस्थानच मध्य भारतात विलीन झाले. पुढे ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी इंदूरच्या उत्तरेकडील नीमचपर्यंतच्या मार्गासाठी ७५ लाख रुपये दिले. इटारसी-भोपाळ मार्गाच्या उभारणीत भोपाळच्या बेगमांचा पैसा होता. दक्षिणेत निजामाच्या राज्यात १८७४ साली वाडी-सिकंदराबाद मार्ग सुरू झाला. हिंदू व मुस्लिम संस्थानिकांनी रेल्वेत घातलेल्या पैशाचा हा इतिहास वर्गात एकत्रितपणे मांडला जाणे आवश्यक आहे.

मार्गाची बांधणी

मुख्य मार्ग साडेपाच फूट रुंदीचा होता. खर्च वाचविण्यासाठी लॉर्ड मेयो यांच्या काळात मीटर गेजचा पर्याय स्वीकारला गेला आणि होळकर रेल्वे त्या मापाची झाली. परिणामी खंडव्यास प्रत्येक पोते, प्रत्येक पेटी एका गाडीतून उतरवून दुसरीत भरावी लागे. बांधणीत वाचलेला खर्च पुढे हमालीच्या रूपाने व्यापाऱ्यास भरावा लागला.

खंडवा-सनावद हा पहिला टप्पा १८७४ च्या अखेरीस खुला झाला. मोरटक्का येथील नर्मदेवरील पूल १८७६ मध्ये पुरा झाला. त्यापुढे विंध्याचा चढ होता. कालाकुंड ते पातालपाणी या घाटात चाळीस फुटांस एक फूट असा चढ घेत, बोगदे व उंच पूल ओलांडत मार्ग महूच्या पठारावर पोहोचला. १८७० चे दशक संपण्यापूर्वी इंदुरास गाडी आली आणि १८८१ मध्ये मीटर गेजचा सलग मार्ग अजमेरपर्यंत जोडला गेला. हाच पुढे राजपुताना-माळवा रेल्वे म्हणून ओळखला गेला.

या मार्गावरील महू, नीमच आणि नसिराबाद ही नावे नकाशावर एका ओळीत दाखवावीत. तिन्ही लष्करी छावण्या, आणि तिन्ही ठिकाणी १८५७ साली शिपायांनी उठाव केला होता. अफू, कापूस व धान्य यांच्या वाहतुकीइतकाच फौजेच्या हालचालीचा विचार या मार्गामागे होता, हे त्यावरून सहज लक्षात येते.

धार व देवास मागे का राहिले?

धार हे महूच्या पश्चिमेस सुमारे ३३ मैलांवर आहे. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी हे संस्थान जप्त केले. १८६० मध्ये ते अल्पवयीन आनंदराव पवार यांना परत मिळाले, पण बैरसियाचा परगणा भोपाळच्या बेगमेकडे गेला. त्यानंतर दहाच वर्षांनी होळकरांनी कोटी रुपयांचे कर्ज दिले. धार त्या स्थितीत असणे शक्य नव्हते.

देवासची गोष्ट निराळी. इंदूर व उज्जैन या दोन्ही शहरांपासून ते सुमारे ३५ किलोमीटरवर आणि मुंबई-आग्रा या हमरस्त्यावर वसलेले. परंतु थोरली व धाकटी अशा दोन पात्यांत विभागलेल्या या छोट्या संस्थानाजवळ मार्ग आपल्याकडे वळवून घेण्याचे आर्थिक बळ नव्हते. रेल्वे इंदूरहून पश्चिमेकडे फतेहाबादला गेली आणि तेथून उज्जैनचा फाटा निघाला. १९१२-१३ मध्ये आणि पुन्हा १९२१ मध्ये देवासला राहिलेले इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर यांना इंदूरहून पुढे सडकेनेच जावे लागले होते.

याचा अर्थ असा की, ज्याने पैसा दिला किंवा ज्याच्या भूमीवर छावणी होती, त्याच्याकडे रेल्वे गेली. हे अनुमान असले तरी नकाशा त्यास पुष्टी देतो.

दूरगामी परिणाम

रेल्वेमुळे अजमेरच्या उरुसास जाणाऱ्या दख्खनच्या जायरीनांची वाट सुकर झाली. १९६० च्या सुमारास हिंगोली-खंडवा मार्ग पुरा झाल्यावर मराठवाड्यातील कुटुंबे मीटर गेजनेच थेट अजमेरपर्यंत जाऊ लागली. इंदूर हे गिरण्यांचे आणि शिक्षणाचे केंद्र बनले. तेथील होळकर कॉलेज १८९१ चे. स्थानक असलेल्या गावच्या मुलाला कॉलेज जवळ आले, धारच्या मुलाला मात्र आधी महू गाठावे लागे.

देवासला ब्रॉडगेज रेल्वे मिळाली ती स्वातंत्र्यानंतर, १९६० च्या दशकात. त्यापुढील दशकात तेथे नोटांचा छापखाना आणि कारखाने उभे राहिले. धारला इंदूर-दाहोद मार्गाच्या शिलान्यासासाठी २००८ सालापर्यंत थांबावे लागले. म्हणजे होळकरांच्या करारानंतर १३८ वर्षे. २०२० साली कोविडच्या काळात ते कामही काही काळ स्थगित झाले होते. इकडे धार जिल्ह्यातील पीथमपूरची वसाहत प्रामुख्याने सडकेच्या आधारे वाढली. जुन्या मीटर गेजचा पातालपाणी-कालाकुंड हा तुकडा २०१८ पासून पर्यटकांच्या गाडीसाठी वापरात आला.

अध्यापनासाठी सूचना

दमास्कस ते मदिना ही हेजाज रेल्वे (१९००-१९०८) उस्मानी सुलतान अब्दुल हमीद यांनी बांधविली व तिच्यासाठी भारतातील मुसलमानांनीही वर्गणी पाठविली, हे आपल्या अनेक विद्यार्थ्यांनी घरी ऐकलेले असते. त्या माहितीपासून आरंभ करून चार प्रश्न विचारावेत : पैसा कोणी दिला? मार्ग कोणी ठरविला? श्रम कोणाचे होते? आणि लाभ कोणाला झाला? मग हेच प्रश्न जबलपूरला, खंडव्याला आणि शेवटी विद्यार्थ्याच्या स्वतःच्या गावाला लावावेत.

समारोप

रेल्वेचा इतिहास रुळांइतकाच रुळांपासून दूर राहिलेल्या गावांचाही आहे. आपल्या वर्गातील कितीतरी मुले अशाच गावांतून येतात. आपले गाव मागासलेले का, याचे उत्तर त्यांना बहुधा 'नशीब' किंवा 'आमचे लोकच तसे' असे मिळालेले असते. धार-देवासचे उदाहरण त्यांना सांगते की, मागासलेपणाला तारखा असतात, करार असतात, नकाशे असतात. जे निर्णयांनी घडले ते निर्णयांनी बदलताही येते, एवढे जरी विद्यार्थ्याच्या मनात रुजले तरी इतिहासाच्या तासाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.