हक्काची शाळा : पेण-रोह्यातील कातकरी मुले

पेण तालुक्यातील व शेजारच्या रोह्यातील अनेक कातकरी कुटुंबे पावसाळा सरल्यावर ‘उचल’, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, घेऊन वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलांची शाळा मध्येच सुटते. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयाच्या अशा मुलांना वयानुरूप वर्गात प्रवेश व मागे पडलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षण देतो. शाळा सोडल्याचा दाखला उशिरा मिळाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. अक्षर-अंकांची ओळख झालेल्या मजुराला उचलीचा हिशेब स्वतः पडताळता येतो, म्हणूनच शिक्षण हा इतर हक्कांचाही आधार ठरतो.