धारची डॉक्टरीणबाई, उदयनगरची सिस्टर

परमुलखात जाऊन ख्रिस्ताची साक्ष द्यायची, असं चर्चमध्ये सहज बोललं जातं. पण ते काम चालतं कसं? परवानगी कुणाची लागते, पैसा कुठून येतो, आणि अनोळखी माणसाचं लोक ऐकून तरी का घेतात? हे समजून घ्यायला माळव्यातली धार आणि देवास ही ठिकाणं फार उपयोगी आहेत. दोन्ही पवारांच्या गाद्या असलेली मराठी संस्थानं. देवासला तर थोरली पाती आणि धाकटी पाती असे एकाच गावात दोन दरबार होते.

सुरुवात परवानगीपासून होते. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन चर्चचे पाळक जे. एम. डग्लस आणि जे. फ्रेझर कॅम्बेल १८७७ च्या सुमारास इंदूर आणि महूला स्थिरावले. महू आणि नीमच या लष्करी छावण्या, तिथे इंग्रजांचा अंमल, त्यामुळे तिथे बस्तान बसवणं सोपं होतं. इंदूर शहर होळकरांचं. दुसऱ्या तुकोजीरावांच्या दरबाराने शहरातल्या रस्त्यांवर प्रवचन करायला हरकत घेतली आणि तो वाद बरीच वर्षं चिघळला. संस्थानी मुलखात इंग्रजी झेंड्याचा आधार पुरत नसे. घरधनी ‘या’ म्हणेल तरच आत पाऊल टाकता येई.

धारमध्ये हे ‘या’ मिळालं ते औषधामुळे. १८९५ मध्ये तिथे मिशनचं ठाणं सुरू झालं आणि डॉ. मार्गारेट ओहारा तिथे आल्या. जन्म १८५५ चा, ओंटारिओतल्या खेड्यातला. आधी शाळेत शिकवलं, मग किंग्स्टनला वैद्यकीय शिक्षण घेऊन १८९१ मध्ये पदवी मिळवली आणि त्याच वर्षी हिंदुस्थानची वाट धरली. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा दाखवत नसत. वाड्यात काय आणि झोपडीत काय, अडलेल्या बाळंतिणीला सुईणीशिवाय दुसरा आधार नव्हता. अशा गावात शिकलेली डॉक्टरीण येते म्हटल्यावर दरबाराने जागा दिली आणि बायकांसाठी दवाखाना उभा राहिला.

पैशाची व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. कॅनडात १८७६ मध्ये या चर्चमधल्या बायकांनी परदेशी कार्यासाठी आपली संस्था स्थापन केली होती. गावोगावच्या शाखांमध्ये घरखर्चातून वाचवलेली नाणी जमत. त्यातून स्त्री-मिशनऱ्यांचे पगार आणि औषधांचा खर्च निघे. त्याच्या बदल्यात पत्रं पाठवावी लागत, आणि पत्रात काम दिसलं पाहिजे हा दबाव प्रत्येक मिशनऱ्यावर असे. ओहारांच्या पत्रांचं पुस्तक १९३१ मध्ये निघालं. मला या व्यवस्थेत एक धोका दिसतो. देणाऱ्याला सांगायची गोष्ट जितकी करुण, तितका निधी सुलभ, आणि त्यात इथल्या माणसाचं चित्र दीनवाणंच रंगत जातं. आजच्या मिशन-सहलींच्या छायाचित्रांतही तेच घडताना दिसतं.

मग भाषा. नव्या मिशनऱ्याची पहिली वर्षं मुन्शीपुढे बसून हिंदी शिकण्यात आणि मिशनच्या परीक्षा देण्यात जात. पण धारच्या बाजारात माळवी, डोंगरात भिली आणि वाड्यात मराठी. रोग्याच्या पोटात ‘कळ’ येते की ‘मुरडा’ येतो, हे कळायला कान तयार व्हावा लागतो. ज्याला ते कळत नाही त्याने धर्माबद्दल बोलणं फार लांबची गोष्ट.

त्या काळच्या मिशनच्या दवाखान्यातली सकाळ बहुतेक सगळीकडे एकाच रीतीने सुरू होई. सूर्य वर येण्याआधीच ओसरीवर बायका येऊन बसत, कडेवर पोरं, हातात औषधासाठी घरून आणलेली बाटली. दार उघडण्यापूर्वी बायबलबाई, म्हणजे मिशनने नेमलेली इथलीच ख्रिस्ती स्त्री, शुभवर्तमानातली एखादी गोष्ट सांगे आणि भजन म्हणे. त्यानंतर एकेकीला आत बोलावलं जाई. साक्ष देण्याचं काम मुख्यतः या इथल्या बाईकडे असे, परदेशी डॉक्टरीण तिच्या मागे. अहवालांत मात्र तिचं नाव क्वचितच येतं, हे मला खटकतं.

खरी गाठ इथेच आहे. औषधाची गरज असलेली बाई ओसरीवरून उठून जाऊ शकत नाही. तिने ऐकलं ते मनापासून की नाइलाजाने? १८९९-१९०० च्या दुष्काळात, ज्याला माळव्यात छप्पनिया म्हणतात, हा प्रश्न आणखी तीव्र झाला. धारच्या मिशनने उपाशी, अनाथ मुलांना आसरा दिला. मिशनच्या छपराखाली वाढलेली मुलं ख्रिस्ती होणं ओघानेच आलं. मुलांना जगवलं ते योग्यच केलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण दुष्काळात वाचलेल्या जिवाच्या श्रद्धेला पूर्ण स्वेच्छा म्हणता येईल का, हा प्रश्न विचारणाऱ्याला शत्रू समजू नये.

तो प्रश्न पुढे सरकारने विचारला. मध्य प्रदेश सरकारने १९५४ मध्ये नागपूरचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या १९५६ च्या अहवालात केवळ धर्मांतरासाठी आलेल्या परदेशी मिशनऱ्यांनी परत जावं, अशी शिफारस होती. अहवालावर चर्चची तीव्र नाराजी होती. १९६८ मध्ये राज्याने बळजबरी, आमिष आणि फसवणुकीने होणाऱ्या धर्मांतराविरुद्ध कायदा केला. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला: राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदात आपल्या धर्माची तत्त्वं इतरांना सांगण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा नाही. २०२१ च्या नव्या कायद्याने धर्म बदलू इच्छिणाऱ्याने आणि विधी करणाऱ्यानेही साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं, असं बंधन आलं. त्यातल्या काही तरतुदींवर न्यायालयात वाद आहे.

धारमधली सुरुवात परदेशी बाईने केली, तर देवास जिल्ह्यात आलेली बाई आपल्याच देशातली होती. सिस्टर राणी मारिया केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यातल्या पुल्लुवळीच्या. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या या सिस्टर आधी उत्तर प्रदेशात बिजनोरला आणि मग मध्य प्रदेशात सतना भागात राहिल्या आणि १९९२ मध्ये उदयनगरला आल्या. त्यांनाही हिंदी शिकावी लागली होती. भूमिहीन आदिवासींना सरकारी योजना मिळवून देणं, बायकांना एकत्र करून थोडी-थोडी बचत करायला लावणं, सावकाराच्या तगाद्यापासून सोडवणं, असं त्यांचं काम. ज्यांचं व्याज बुडू लागलं त्यांना ते पाहवलं नाही. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला निघालेल्या बसमध्ये भाडोत्री मारेकऱ्याने त्यांच्यावर चाकूचे पन्नासहून अधिक वार केले. वय अवघं ४१. पुढे त्यांची सख्खी बहीण, तीही सिस्टरच, तुरुंगात जाऊन त्या मारेकऱ्याला राखी बांधून आली. कुटुंबाने त्याला माफ केलं आणि तो शिक्षेतून लवकर सुटावा म्हणून प्रयत्नही केले. २००६ मध्ये तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये राणी मारियांना ‘धन्य’ घोषित करण्यात आलं. ज्या भागात उपदेश ऐकायला लोक कचरले, तिथे ही माफी लोकांनी पाहिली, आणि माझ्या मते ती कोणत्याही प्रवचनापेक्षा मोठी साक्ष आहे.

आता कुणाला परदेशातून, समजा टोरांटोच्या एखाद्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातल्या मुलाला, पंधरा दिवसांसाठी माळव्यात यायचं असेल तर काय करावं? पर्यटक व्हिसावर येऊन चर्चमधल्या उपासनेला बसता येतं. प्रवचन देणं, पत्रकं वाटणं, धर्मप्रसार करणं चालत नाही. त्यासाठी वेगळा मिशनरी व्हिसा लागतो. ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असलं तरी मिशनरी कामाला खास परवानगी घ्यावीच लागते. संस्थेला परदेशी देणगी द्यायची तर तिच्याकडे परदेशी देणगी नियमन कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असली पाहिजे, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात जमा व्हावा लागतो. खिशातून रोख काढून गावात वाटणं हे आमिषाच्या आरोपाला आमंत्रण आहे, आणि त्याची झळ पाहुण्याला नाही, त्याच्या यजमान मंडळीला बसते.

म्हणून आधी इथल्या मंडळीला पत्र लिहावं. माळव्यातल्या कॅनेडियन मिशनची चर्चेस पुढे युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाली. निर्णय आता इथल्याच पाळकांचे आणि मंडळीच्या पंचायतीचे असतात. पत्रात आपल्याला काय करता येतं ते स्पष्ट सांगावं: नर्सिंग, हिशेब, नळदुरुस्ती, शिकवणी, जे असेल ते. किती दिवस राहणार, हिंदी किती येते, खर्च कोण उचलणार हेही लिहावं. मंडळीने ‘यंदा नको’ असं उत्तर दिलं तर ते मानावं आणि वर्षभर हिंदी शिकून पुन्हा लिहावं.