देणे आठवड्याचे, येणे वर्षांचे

कर्जबाजारीपणाचा प्रश्न निघाला की महाराष्ट्राच्या डोळ्यांसमोर शेतकरी उभा राहतो, आणि ते स्वाभाविकच आहे. १८७५ साली सुपे येथे सावकारांची खतपत्रे जाळली गेली, तेव्हापासून या विषयाची आपल्याकडील बहुतेक चर्चा शेतजमिनीभोवतीच फिरत आली. परंतु ज्याच्यापाशी सातबारा नाही, संघटना नाही आणि ज्याच्या कर्जमाफीचा उल्लेख कोणत्याही जाहीरनाम्यात येत नाही, असा ऋणकोंचा एक वर्ग शहरांतून आणि तालुक्याच्या गावांतून नांदतो आहे. पतीच्या निधनानंतर, अथवा त्याने वाऱ्यावर सोडल्यानंतर, एकटीने मूल वाढविणाऱ्या आणि बऱ्या पगाराच्या आशेने तिशी-पस्तिशीत पुन्हा परीक्षेला बसणाऱ्या स्त्रियांचा हा वर्ग होय.

शिक्षकांना व कारकुनांना अशी स्त्री अपरिचित नाही. विनाअनुदानित शाळेच्या कचेरीत तुटपुंज्या मानधनावर ती दाखले लिहिते. रविवारी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रात मागच्या बाकावर बसते. मूल शेजारणीकडे ठेवून आलेली असल्याने तिचे अर्धे लक्ष घड्याळाकडे असते. तिच्या डोक्यावरील कर्ज एकाच ठिकाणचे नसते. पतीच्या आजारपणात काढलेले, भावाकडून उसने घेतलेले, बांगड्या गहाण टाकून उचललेले, गल्लीतील बायकांच्या गटात राहून वित्तसंस्थेकडून मिळालेले आणि हे सारे अपुरे पडल्यावर खासगी सावकाराकडून आणलेले, असे त्याचे थरांवर थर चढलेले असतात.

यांतील पहिला थर पुष्कळदा तिचा नसतोच. मृत पतीच्या कर्जाची जबाबदारी वारसांवर येते, ती त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेपुरतीच. पत्नीने सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केलेली नसेल, तर तिच्या स्वकष्टाच्या पगारावर त्या धनकोचा हक्क पोहोचत नाही. तरीही तेराव्याच्या आत दारात येऊन उभ्या राहिलेल्या माणसाला ‘फेडीन’ असे ती सांगून बसते. त्या घटकेला तिला कायदा समजावून सांगणारे कोणी जवळ नसते. जे असतात ते मृताच्या नावाला बट्टा लागू नये याच काळजीत असतात.

सावकारी व्याजाची भाषाही मोठी फसवी आहे. ‘पाच टक्के’ हे शब्द बँकेच्या बारा टक्क्यांपेक्षा सौम्य वाटतात. पण हे पाच टक्के दरमहाचे, म्हणजे वर्षाचे साठ असतात. दहा हजारांवर महिना पाचशे रुपये भरणारी स्त्री वीस महिन्यांत मुद्दलाइतके व्याज देऊन चुकते आणि मुद्दल जागच्या जागी राहते. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली बिगरशेतकऱ्याच्या विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्के ही मर्यादा त्याच साली ठरविण्यात आली, आणि विनापरवाना सावकारीस ५ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते. पण कागद नसतो, आणि मुलाला पुढच्या वेळी ताप भरला तर त्याच माणसाकडे जावे लागेल, ही धास्ती असते. हप्त्याने शिलाई यंत्र देणाऱ्या दुकानाचा हिशेब त्याहून सभ्य, पण तितकाच आडवळणाचा. ३०,००० रुपयांवर बारा टक्के ‘फ्लॅट’ म्हणजे ३,६०० रुपये व्याज आणि २,८०० रुपयांचे १२ हप्ते. मुद्दल महिन्यागणिक उतरत असता व्याज मात्र मूळ रकमेवरच घेतले जाते, त्यामुळे खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. माध्यमिक शाळेच्या गणितात हे एक उदाहरण घालायला हरकत नसावी.

तथापि व्याजाच्या दरापेक्षाही तिला जाचतो तो तारखांचा विसंवाद. गटाच्या कर्जाचा हप्ता बहुधा आठवड्याचा किंवा पंधरवड्याचा असतो. तो चुकला तर शेजारणींच्या गळ्यात पडतो, म्हणून सर्वांत आधी तोच भरला जातो आणि सावकाराचे महाग कर्ज मागे राहते. शुद्ध हिशेब सांगतो की अधिक व्याजाचे कर्ज आधी फेडावे. ती आधी फेडते ते जिथे तोंड चुकविता येत नाही तिथले. याला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे, पण योग्य नाही. मध्यरात्री ज्या दाराची कडी वाजवायची, त्या दाराशी संबंध राखणे ही तिची एकमेव विमापॉलिसी असते.

उलट तिला जे येणे आहे त्याची चाल पाहावी. परित्यक्तेची पोटगी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली मिळे. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली मागावी लागते. अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकालात काढावा, असे कायदाच म्हणतो. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. प्रत्यक्षात तारखांमागून तारखा पडतात, आणि तोपर्यंत मूल जेवते ते आईच्या कर्जावर. बारकाईने पाहिले तर या कर्जाचा मोठा भाग बापाच्या थकलेल्या देण्याचा असतो. तो नोंदला मात्र आईच्या नावावर जातो.

शासकीय साहाय्याचीही तीच कथा. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान २०२३ मध्ये दरमहा १,५०० रुपये झाले. परंतु तिच्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा दीर्घकाळ २१,००० रुपये, म्हणजे महिना १,७५० रुपये, एवढीच राहिली. शाळेत दाखले लिहिणारी बाई त्या हिशेबाने निराधार ठरत नाही. एक पालक असलेल्या मुलांनाही लागू होऊ शकणारी बालसंगोपन योजना २०२३ मध्ये दरमहा २,२५० रुपयांवर गेली, हे खरोखर उपयोगाचे झाले; मात्र मंजुरीसाठी चौकशी व कागदपत्रांची मोठी वाट चालावी लागते. राहिली पदवी, ती तीन वर्षांनी मिळणार.

‘आधी कर्ज फेडावे, मग शिकावे’ असा उपदेश करणारे हितचिंतक तिला भरपूर भेटतात. प्रत्येक प्रमाणपत्राने पगार वाढतो असे नाही, हे त्यांचे म्हणणे खरेच आहे. नोकरीचे आमिष दाखवून फी उकळणारे वर्ग गल्लोगल्ली आहेत. पण आजच्या मानधनातून हे कर्ज फिटणारे नाही, हे ज्याला बेरीज-वजाबाकी येते त्याला दिसते. मिळकत वाढण्याची जी एक वाट आहे, तीच बंद करून फेडीची अपेक्षा धरणे हे कसले व्यवहारचातुर्य?

बँकांना हे तत्त्व अमान्य नाही. त्यांच्या शैक्षणिक कर्जात अभ्यासक्रम संपून एक वर्ष होईपर्यंत परतफेड सुरू होत नाही. शिकणाऱ्याला मिळकत नसते, हे त्यात गृहीत धरलेले आहे. परंतु हे कर्ज मुख्यतः नियमित व्यावसायिक अभ्यासक्रमांना मिळते. आपल्या या विद्यार्थिनीची फी फारशी नसतेच. तिला कर्ज होते ते घरभाडे, औषधे आणि परीक्षेपायी बुडालेला रोज यांचे. शिक्षणासाठीच होऊनही ते शैक्षणिक कर्ज ठरत नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या मुलींना २०२४ पासून राज्याने उत्पन्न-मर्यादेत फीमाफी दिली, तिचा लाभही याच कारणाने तिच्या दारापर्यंत पोहोचत नाही.

हप्त्यांच्या तारखा बदलणे अशक्य आहे, असे म्हणता येणार नाही. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयाला खतामागील व्यवहार तपासण्याचा आणि हप्ते बांधून देण्याचा अधिकार दिला होता. मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात रिझर्व्ह बँकेने मुदतकर्जांच्या हप्त्यांना स्थगिती देण्याची मुभा दिली. याच बँकेच्या २०२२ च्या सूक्ष्मकर्जविषयक निर्देशांत तर, ऋणकोच्या गरजेप्रमाणे हप्त्यांचा कालावधी ठरविण्याची लवचीकता देणारे धोरण प्रत्येक संस्थेने आखावे, असे स्पष्ट सांगितले आहे. कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक रक्कम हप्त्यांत जाऊ नये, हेही त्यातच आहे. परीक्षेच्या दोन महिन्यांत साप्ताहिक हप्त्याऐवजी मासिक हप्ता मागायला ऋणको स्त्रीला या कलमाचा आधार आहे. तो तिला कोणी सांगत नाही.

आणखी एक दार वाचकांपैकी अनेकांच्या हातात आहे. शिक्षकांच्या व कर्मचाऱ्यांच्या पगारदार पतसंस्था माफक व्याजाने, पगारातून कपात करून कर्ज देतात. सावकाराचे कर्ज एका रकमेत मिटवून ते सोसेल अशा मासिक हप्त्यांत फिरविण्यास याहून सोयीची व्यवस्था नाही. पण तिचे दार कायम सेवेतल्यांसाठीच उघडते. त्याच कचेरीत मानधनावर बसणारी बाई किंवा तासिका तत्त्वावर शिकविणारी अध्यापिका उंबरठ्याबाहेर राहते. या संस्थांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत भरतात आणि त्यांत बराच वेळ लाभांशाच्या दरावर खर्च होतो. मानधनावरील सहकाऱ्यांना सभासद करून घेण्यासाठी उपविधीत दुरुस्ती सुचविणारा ठराव कोणाही सभासदाला तिथे आणता येईल.