टेबल माउंटन: केबल कार सोडा, घळीतून चढा

केप टाऊनला जाणारे बहुतेक जण टेबल माउंटनवर केबल कारने जातात. १९२९ पासूनची सोय आहे, वाईट नाही. पण पायांत दम असेल तर प्लॅटेक्लिप घळीतून चढा. टाफेलबर्ग रस्त्यापासून माथ्यापर्यंत दोन-तीन तास, जवळजवळ सगळ्या दगडी पायऱ्याच. तांत्रिक अवघड काही नाही, मात्र दमछाक पक्की. वाट उत्तराभिमुख आहे आणि दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून तळपतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीत उजाडताच निघा. पाणी भरपूर घ्या.

सह्याद्रीतल्या भटक्यांना सपाट माथ्याचं अप्रूप नाही, पण इथला दगड वेगळा. आपला बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, हा वालुकाश्म त्याहून कितीतरी जुना. त्यावर वाढतं ते फिनबोस: प्रोटिया, एरिका, रेस्टिओ. माथ्यावर सशाएवढे डॅसी ऊन खात बसलेले असतात. दिसायला उंदरासारखे, नात्याने हत्तीच्या जवळचे! खायला मात्र घालू नका.

बहुतेक जण केबल स्टेशनपाशीच फोटो काढून परततात. तासभर पुढे चाललात तर मॅक्लिअर्स बीकन लागतो, १,०८६ मीटर, खरं शिखर तेच.

आग्नेयेचा वारा सुटला की माथ्यावर ढगांची चादर पसरते. लांबून देखणी, आत सापडलात तर वाट दिसत नाही. जोराच्या वाऱ्यात केबल कारही बंद असते, तेव्हा उतरायचं त्राण राखूनच चढा. आणि एकट्याने जाऊ नका.