तुरीचा ढीग आणि हिमाचा कडा

गिरडच्या शिवारात हिम पडत नाही. पण खळ्यावर ओतलेला तुरीचा ढीग तुम्ही पाहिला असेलच. वरून आणखी तूर ओतली, तर ढीग वाढतो. पण त्याचा उतार एका ठरावीक कोनापलीकडे जात नाही. जास्तीचे दाणे घरंगळून खाली येतात. दाण्यादाण्यांतले घर्षण त्याहून अधिक पेलू शकत नाही.

डोंगरावरचे हिम मात्र निराळे वागते. आठवडेच्या आठवडे ते उतारावर टिकून राहते आणि एखाद्या दिवशी सगळा थरच सुटतो. जानेवारी २०१७ मध्ये काश्मीरमधील गुरेझ भागात असे हिम कोसळून अनेक जवान मृत्युमुखी पडले. त्यांत महाराष्ट्राचेही जवान होते.

हे असे का होते? तुरीचे दाणे सुटे राहतात. हिमाचे कण एकमेकांना चिकटतात. दोन कण जेथे टेकतात, तेथे हळूहळू बर्फाचा बारीकसा सांधा तयार होतो. अखंड बर्फाची घनता दर घनमीटरला ९१७ किलोग्रॅम, तर ताज्या हिमाची जेमतेम १००. म्हणजे हिमात बहुतेक जागा हवेचीच! तरीही या सांध्यांमुळे हिमाचा थर फळीसारखा घट्ट होतो.

परंतु तळाचे हिम थोडे उबदार आणि वरचे अतिशय थंड असेल, तर तळच्या बर्फाची वाफ होऊन ती वर सरकू लागते. त्यातून पेल्याच्या आकाराचे मोठे, ठिसूळ स्फटिक तयार होतात. त्यांच्यात सांधे थोडेच असतात. हा झाला कच्चा थर. कधी एका माणसाच्या भारानेही तो चिरडतो, तडा भराभर पसरतो आणि वरची फळी निसटते. बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर हे घडते.

तेथे उभे राहून हा प्रयोग कोण करणार? म्हणून तो संगणकात करतात. सुट्या कणांच्या ढिगासाठी पीटर कंडॉल व ओटो स्ट्रॅक यांनी १९७९ साली एक रीत मांडली. प्रत्येक कणावरचे बल मोजायचे, न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने त्याचे त्वरण काढायचे, सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागानंतर तो कोठे असेल ते ठरवायचे. आणि हेच लाखो वेळा करायचे. हिमासाठी त्यात सांध्यांची भर घालतात. ताण मर्यादेबाहेर गेला, की सांधा तुटला! २०१३ च्या ‘फ्रोझन’ या चित्रपटातील हिमासाठी बसवलेली एक गणिती रीतही पुढे खऱ्या हिमस्खलनाच्या अभ्यासात उपयोगी पडली.

आपल्या देशात या अभ्यासासाठी १९६९ साली मनालीला संस्था निघाली; २०२० मध्ये ती चंडीगडच्या संरक्षण संशोधन संस्थेत विलीन झाली. मात्र कच्चा थर किती कच्चा आहे, हे संगणक आपणहून सांगू शकत नाही. त्यासाठी कोणीतरी हिमात खड्डा खणून एकेक थर तपासावाच लागतो.

तुम्हीही एक प्रयोग करा. कोरड्या वाळूचा ढीग करून उताराचा कोन मोजा. मग वाळू किंचित ओलसर करून पुन्हा मोजा. कोन का बदलला बरे?