आर्डुइनोचें एकच दार

विद्यार्थ्यांच्या हातीं आज आर्डुइनो नांवाचा लहानसा बोर्ड सहज येतो. इटलींतील इव्रेया या गांवीं २००५ सालीं विद्यार्थ्यांसाठींच त्याचा जन्म झाला. त्याच्या ‘ऊनो’ या प्रकारावर प्रयोग करितांना यंत्र मुकें राहिलें कीं मुलें प्रोग्रॅम पुनःपुन्हा तपासतात. परंतु दोष पुष्कळदां प्रोग्रॅममध्यें नसून जोडणींत असतो, आणि बोर्डाच्या कांहीं मर्यादा प्रोग्रॅमनें पूर्णपणें दूर होतही नाहींत. त्यांचा विचार आम्ही येथें करीत आहों.

प्रथम सीरियल पोर्ट म्हणजे काय तें पाहूं. वरोऱ्याची कोळशाची खाण १९०६ सालीं बंद पडली. तोंपर्यंत येथील कोळसा आगगाडीनें बाहेर जात असे. लोहमार्गावरून वाघिणी जशा एकीमागून एक जातात, तसे बोर्डाच्या अक्षरांचे बिट एका तारेवरून एकामागून एक जातात. अक्षराचे ८ बिट, आरंभाचा १ व शेवटचा १, असे एकंदर १० बिट होतात. म्हणून सेकंदास ९६०० बिट हा वेग ठरविला, तर सेकंदास फार तर ९६० अक्षरें जातात. दोन्ही टोकांस वेग एकच हवा. नाहीं तर पडद्यावर निरर्थक चिन्हें उमटतात.

आतां समजा, एखाद्या मुलास कापसाच्या शेतांतील ओलावा मोजून जीएसएम मॉडेमनें वडिलांस कळवावयाचा आहे, व वडिलांचा संदेश येतांच रिलेच्या योगें पंप बंद करावयाचा आहे. ऊनोवर १४ डिजिटल पिना आहेत. परंतु खरें सीरियल पोर्ट एकच, तें ० व १ या पिनांवर. संगणकाची यूएसबी केबलही त्याच दारानें बोलते. तेथें मॉडेम जोडलेला असतां प्रोग्रॅम चढविणें बहुधा अडतें. म्हणून तो काढून प्रोग्रॅम चढवावा व मग पुन्हा जोडावा. इतर पिनांवर ‘सॉफ्टवेअरसीरियल’नें नवें दार करितां येतें, मात्र अशीं दोन दारें केलीं तर एका वेळीं एकच ऐकतें. शिवाय आलेलीं अक्षरें ठेवण्यास जागा अवघी ६४ अक्षरांची. प्रोग्रॅमनें तीं वेळेवर उचललीं नाहींत, तर पुढचीं हरवतात. हरवलेलें अक्षर ‘बंद’ या आज्ञेंतील असेल, तर पंप रात्रभर चालत राहील!

जोडणी करितांना एकाची टीएक्स पिन दुसऱ्याच्या आरएक्सला जोडावी व दोहोंचें ग्राउंड एक करावें. ऊनो ५ व्होल्टवर बोलतो. पुष्कळ मॉड्यूलें ३.३ व्होल्ट किंवा त्याहूनही कमी सोसतात. तेव्हां ऊनोची टीएक्स तार सरळ न नेतां मध्यें दोन रेझिस्टर घालून व्होल्ट कमी करावे. जीएसएम मॉडेम क्षणभर २ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढतो. तो ऊनोमधून मिळत नाहीं, त्यास निराळा वीजपुरवठा द्यावा. जुन्या संगणकाच्या ९ पिनांच्या पोर्टास तर बोर्ड कधींही थेट जोडूं नये. तेथील व्होल्ट अधिक व उणेही असतात, आणि चिप जळण्याचा संभव असतो.

अधिक दारें हवींच असतील, तर ‘मेगा २५६०’ या बोर्डावर तीं चार आहेत. पालकांस आमची विनंती अशी कीं, सामान घेण्यापूर्वीं मुलाकडून एक कागद लिहवून घ्यावा : कोणतें उपकरण, किती व्होल्ट, कोणती पिन, कोणता वेग. एका पिनेसमोर दोन उपकरणें आलीं, तर अडचण घरींच कळेल आणि पैसा वांचेल.