साठ रंगांचा डबा की आपले आठ रंग?
पार्लर चालवणाऱ्या तायांसाठी

तायांनो, आषाढी एकादशीला पिंप्राळ्याचा रथ निघाला की चातुर्मास सुरू होतो आणि लग्नं थांबतात. आता तुळशीच्या लग्नापर्यंत नवरीच्या मेकअपची कामं कमीच. या रिकाम्या दिवसांत एक काम करा. तुमचा आयशॅडोचा मोठा डबा उघडा आणि कोणते रंग तळाला लागलेत ते बघा.

मी माझा डबा असाच बघितला होता. गटातून अंतर्गत कर्ज काढून मी साठ रंगांचा डबा घेतला होता. दुसऱ्या हंगामानंतर पाहिलं, तर सहा रंगांखालचा पत्रा दिसत होता. निळे, पोपटी, भडक गुलाबी रंग मात्र आणले तसेच होते. मी हप्ता साठ रंगांचा भरला आणि कमाई दिली सहा रंगांनी. हे सहा संपले म्हणून पुन्हा अख्खा डबा घ्यायचा का?

याला दुसरा रस्ता आहे. बाजारात आयशॅडोची एकेक शेड सुटी मिळते आणि ती बसवायला चुंबकाचा रिकामा पॅलेटही मिळतो. आपल्याला लागतील तेच रंग घ्यायचे, आणि जो संपेल तेवढाच बदलायचा.

आधी हिशोब

आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत, तुमच्या दुकानातले भाव टाकून बघा. समजा मोठा डबा १,८०० रुपयांना आहे. सुटी शेड २२० रुपयांना, म्हणजे आठ शेडचे १,७६० रुपये. रिकाम्या पॅलेटचे ३५० धरले तर झाले २,११० रुपये. पहिल्या वर्षी हे महागच पडतं. पण दुसऱ्या वर्षी तीनच शेड बदलाव्या लागल्या तर खर्च ६६० रुपये. दोन वर्षांचे मिळून २,७७०. मोठा डबा दोनदा घेतला असता तर ३,६०० लागले असते.

पण हा फायदा रंग नीट निवडले तरच होतो. आठातले चार चुकले, तर सुट्या शेड डब्यापेक्षा महाग पडतील. म्हणून आधी वही, मग खरेदी. मागच्या हंगामातल्या नवऱ्या आठवा. प्रत्येकीसमोर तीन गोष्टी लिहा: चेहऱ्याचा वर्ण, साडीचा रंग, डोळ्यांना लावलेले रंग. फोनमधले फोटो मदतीला घ्या. दहा-बारा नवऱ्यांची नोंद झाली की तुमचे रंग तुम्हालाच दिसतील.

कोणते आठ?

आपल्या भागातल्या नवऱ्या बहुतेक गव्हाळ नाहीतर सावळ्या. साडी हिरवी, लाल, पिवळी किंवा मरून, आणि अंगावर पिवळंधमक सोनं. त्या हिशोबाने सुरुवात अशी करता येईल:

१. गव्हाळ कातडीशी जुळणारा मॅट रंग, म्हणजे चमक नसलेला.
२. सावळ्या कातडीशी जुळणारा मॅट रंग.
३. विटकरी मॅट. पापणीच्या घडीत हाच सगळ्यात जास्त लागतो.
४. गडद कॉफी मॅट. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला.
५. जुन्या सोन्यासारखा चमकदार सोनेरी.
६. तांब्याच्या भांड्यासारखा चमकदार तांबूस.
७. मरून. हिरव्या शालूवर डोळे उठून दिसतात ते याने.
८. काळा मॅट. रिसेप्शनच्या गडद मेकअपला, तोही चिमूटभर.

नववा खाना रिकामा ठेवा. वहीत मोरपंखी किंवा जांभळा तीन-चार वेळा आला, तरच तो घ्या.

सावळ्या नवरीला पांढुरका रंग लावला की पापणी राखाडी का दिसते? फिकट शेडमध्ये पांढऱ्या पावडरीचं प्रमाण जास्त असतं. ती कातडीवर राखेसारखी वर दिसते. म्हणून यादीत दोन वेगळे मॅट रंग ठेवलेत. मुलीला गोरी करणं हे आपलं काम नाही. तिचा आहे तो वर्ण खुलला पाहिजे. आणखी एक, हळद लागलेल्या चेहऱ्यावर पिवळट सोनेरी मिसळून जातो. तिथे तांबूस जास्त खुलतो.

दुकानात काय तपासायचं?

शक्यतो दोघी जा, एक गव्हाळ आणि एक सावळी. रंग मनगटाच्या आतल्या बाजूला लावा आणि दुकानाच्या दारात, उजेडात येऊन बघा. ट्यूबलाइटखाली विटकरी आणि तपकिरी सारखेच वाटतात. दहा मिनिटांनी बोट फिरवा. रंग लगेच भुरभुरून गेला तर तो मे महिन्याच्या घामात काय टिकणार? आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो, हे लक्षात ठेवून निवडा. दुकानातला उघडा नमुना डोळ्याला मात्र लावू नका. त्याला कितीजणींचे हात लागलेत, कोण जाणे.

सोबत छोटं चुंबक न्या. शेडची थाळी लोखंडी पत्र्याची असेल तर चुंबकाला चिकटते, ॲल्युमिनियमची असेल तर नाही. गोल थाळी बऱ्याचदा २६ मिलिमीटरची असते, पण सगळ्या कंपन्यांचं माप एक नसतं. पॅलेट सोबत नेऊन बसवूनच बघा.

वेष्टनावर उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच नंबर, परवाना क्रमांक आणि वापरायची शेवटची तारीख पाहिजे. बाहेरच्या देशातला माल असेल तर आयात नोंदणीचा क्रमांक पाहिजे. यातलं काहीच नसलेला स्वस्त डबा डोळ्याजवळ नको. विटकरी-तपकिरी रंग येतो लोहाच्या ऑक्साइडमधून, आपल्या गेरूचा लाल रंगही त्याचाच. पण म्हणून गेरू कुणी पापणीला लावत नाही. डोळ्यासाठीचा रंग शुद्ध केलेला असावा लागतो, त्यात शिसं किंवा पारा जाऊन चालत नाही. शाळेच्या हस्तकलेची चमकी तर अजिबात वापरू नका. तिच्या कडेने बुबुळाला ओरखडा पडू शकतो.

बिल घ्याच. माल खराब निघाला तर ते कामाला येतं आणि गटाच्या दप्तरालाही लागतं.

घरी आणल्यावर

शेड वेष्टनातून काढली की तिची माहितीही वेष्टनासोबत केरात जाते. म्हणून आधी थाळीच्या मागे कागदी पट्टी चिकटवून शेड नंबर, शेवटची तारीख आणि उघडल्याची तारीख लिहा. वेष्टनावर उघड्या डबीचं चित्र आणि ‘१२ एम’ असं असेल, तर उघडल्यापासून बारा महिने वापरायचं. खरेदी दिवाळीनंतर, तुळशीच्या लग्नाच्या तोंडावर करा. आत्ता घेतली तर चार महिने असेच वाया जातील.

पॅलेट बंद करताना रंगावर कापसाचा पातळ थर ठेवा. गावोगाव जाताना गाडीच्या दणक्यांनी पावडर फुटते. उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका.

डोळ्याला लावलेला ब्रश परत थेट रंगात बुडवायचा नाही. लागेल तेवढा रंग स्वच्छ चमच्याने खरवडून छोट्या ताटलीत घ्या आणि तिथून लावा. प्रत्येकीला धुतलेला ब्रश. जिचे डोळे आलेत तिला आयशॅडो लावूच नका, नवरी असली तरी. समजावून सांगा, वाईटपणा आला तरी चालेल. एका ब्रशाने सगळ्या करवल्यांचे डोळे आले, तर पुढची दहा कामं जातात.

गटात दोघी-तिघी पार्लरवाल्या असतील तर रोजचे आठ रंग जिचे तिने घ्यावेत. कधीतरी लागणारे निळे-जांभळे रंग सगळ्यांत मिळून एकच ठेवावेत आणि ते कुणाकडे आहेत ते वहीत लिहावं.

पुढच्या मासिक बैठकीला येताना तुमचा जुना डबा आणि ती वही घेऊन या. तळाला लागलेले रंग सगळ्यांनी मिळून पाहू. कर्जाची मागणी त्यानंतर लिहू, आणि लागेल तेवढीच लिहू.